वासूचा एक पॉइंट सहा

अल कुसैस, दुबई
९ जून २०२५

वासू,

आशीर्वाद आधी घे, राग मागाहून कर. फोनवर माझा आवाज आला की तू फोन आशाच्या हातात कोंबतोस आणि परसात जाऊन कढीपत्त्याला पाणी घालत बसतोस, हे तुझी बायकोच मला सांगते. त्या झाडाला एवढं पाणी सोसत नाही, शहाण्या. म्हणून यापुढे पत्र. आलेला कागद न वाचता टाकणं तुझ्याच्यानं होणार नाही. सारी हयात शाळेत गेली तुझी. लाल पेन उघडून का होईना, वाचशील.

तुझी पुडी पोचली. कोल्हापूरहून एक मुलगी नोकरीला आलीय, तिच्याबरोबर. तीच ती गुडघ्याची गोळी, पाच पट्ट्या, वर लाल शाईत ‘आक्का – गुडघा’. चिठ्ठी नाही, खुशाली नाही. चार वर्षं झाली तू माझ्याशी धड बोलत नाहीस, पण गारगोटीकडून कुणी दुबईला निघालं की ही पुडी त्याच्या बॅगेत असतेच. आशाला विचारलं तर म्हणाली, “मी नाही हो पाठवत वन्सं, ते स्वतः दुकानात जाऊन आणतात. त्यांचीही तीच गोळी आहे ना, कंबरेची.” वासू, तुला रागसुद्धा नीट धरता येत नाही रे. तुझ्याएवढा खुळा माणूस मी बघितला नाही.

बरं, कामाचं बोलते. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई आहे. माझ्याच वयाची. साखरेचा आजार जुना, बीपीची गोळी चालू. मुलाच्या कंपनीच्या इन्शुरन्समधून तिची वर्षाची तपासणी झाली आणि कागदावर क्रिएटिनीन आलं एकशे दहा. एकशे दहा, वासू! तुझ्या मार्चमधल्या कागदाचा फोटो आशानं मला पाठवला होता, त्यात तुझं एक पॉइंट सहा होतं. आशा म्हणाली होती, रेघेच्या जरासं वर आहे, ते मनावर घेत नाहीत. मग ह्या बाईचं तुझ्या जवळजवळ सत्तर पट झालं की! माणूस एवढ्यावर उभं तरी कसं राहतं, सांग. बाईनं घरात कुणाला सांगितलं नाही. डायलिसिसच्या मशीनला लावतील, आठवड्यातून इतक्यांदा नेऊन बसवतील, मुलगा-सून नोकऱ्या करतील की हिला नेतील, असं काय काय तिच्या डोक्यात. त्यापेक्षा मला गावी पाठवा म्हणायचं तिनं ठरवलंय. तुझ्या ओळखीत कुणाचं एवढं होतं का? आशाकरवी कळव.

काल काव्यानं विचारलं, “आजी, व्हाय आर यू क्रायिंग?” म्हटलं, कांदा. म्हणाली, “बट देअर इज नो कांदा.” नऊ वर्षांची आहे, पण बापापेक्षा, आमच्या रोशनपेक्षा हुशार निघाली माझी नात.

तू म्हणशील, तिथं समिधा आहे, तिला विचारा. छे, तू कशाला म्हणशील! तिचं नाव तू घेत नाहीस. मी घेते. तुझी लेक इथं दोन गल्ल्या सोडून डॉक्टर मुनिबांच्या क्लिनिकमध्ये बसते. साखरेच्या पेशंटांना रिपोर्ट, खाणं, औषधं समजावून सांगायचं हेच तिचं काम. त्याचं शिक्षण आहे तिच्याकडे, इथली परीक्षा देऊन परवाना मिळवलाय. तू मात्र तिला अजून ‘अर्धवट डॉक्टर’ म्हणतोस, कारण दुसऱ्या वर्षी तिनं मेडिकल सोडलं आणि तू तोवर सगळ्या गारगोटीला पेढे वाटून मोकळा झाला होतास. मी तिला इथं ठेवून घेतलं म्हणून माझ्यावरही बहिष्कार. पण एक सांग. का सोडलं हे सांगायला त्या पोरीनं तुला पानंच्या पानं लिहिली, आणि तू तिचंच पत्र तिला पोस्टानं परत पाठवलंस, खाली लाल शाईत ‘१० पैकी ३. मुद्दे अपुरे.’ ते पत्र तिनं माझ्यासमोर उघडलं, वासू. त्या दिवशी तू माझ्या हाताला लागायला हवा होतास.

त्या बाईला समिधाकडे जायची लाज वाटते. एवढ्या गोळ्या-पथ्य सांभाळून हे काय झालं, म्हणते. बघू.

आक्का


अल कुसैस
२५ जून २०२५

वासू,

ती बाई मीच. कळलंच असेल तुला, एवढा काही तू ढ नाहीस.

समिधाला काव्यानं सांगितलं. रविवारी पोरगी दारात उभी. घाबरली नाही, ओरडली नाही. चहा मागितला, बिनसाखरेचा, आणि म्हणाली, “आत्या, कागद राहू दे. आधी औषधांचा डबा आण आणि उलटा कर.”

आमचा डबा तुला ठाऊक नाही. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे. इथं प्रत्येकाच्या घरात तसा एक असतोच. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला आपण सांगतो, ‘येताना जरा गोळ्या आण.’ कुणी पित्ताच्या आणतं, कुणी सर्दीच्या, शेजारची मल्याळी बाई तिच्याकडचं तेल देते. सगळं त्या डब्यात. समिधानं चादरीवर ढीग केला आणि एकेक पट्टी वेगळी केली. ही रोजची, ही कधीतरीची, ही मुदत गेलेली. शेवटी तुझ्या पुड्या राहिल्या. वरचं ‘आक्का – गुडघा’ तिनं वाचलं आणि त्यावरून बोट फिरवलं. “बाबांचं अक्षर,” एवढंच म्हणाली.

मग कागद घेतला. मी तोवर रडायला लागलेच होते. म्हटलं, “एकशे दहा आहे गं, तुझ्या बापाच्या सत्तर पट.”

“आत्या, बाजारातून आलीस की तू अजून दिरहमचे रुपये करतेस ना?”

“करते की. कोथिंबिरीच्या जुडीचेही करते.”

“मग इथं का नाही केलेस? गावाकडच्या लॅबचं माप वेगळं, ह्या लॅबचं वेगळं. ते मिलिग्रॅममध्ये लिहितात, ह्यांनी मायक्रोमोलमध्ये लिहिलंय. तुझ्या आकड्याला अठ्ठ्याऐंशीनं भागायचं, की गावाकडचा आकडा येतो.” भागून दाखवलं. एक पॉइंट पंचवीस!

अरे, मी उडी मारायची बाकी होते, गुडघा आडवा आला म्हणून. दोन आठवडे मी मनातल्या मनात माझ्या पाटल्या वाटून मोकळी झाले होते. मी टाळी वाजवून म्हटलं, “म्हणजे तुझ्या बापापेक्षा मी बरी! त्याचं एक पॉइंट सहा आहे!”

तिचा हात थांबला. “बाबांचं किती म्हणालीस?”

मी फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून बघितला, तारीख बघितली. तुझं वय तिनं विचारलं नाही, तिला पाठ आहे. फोनमध्ये आकडे घातले. मग तेच आकडे पुन्हा एकदा घालून बघितले. आता पुढचं नीट वाच, कारण हे तिनं मला समजावलं ते जसंच्या तसं मी तुला लिहितेय.

क्रिएटिनीन म्हणजे अंगातला कचरा. मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. टाकायचं काम मंदावलं की रक्तात साठतो. पण नुसत्या कचऱ्यावरून कळत नाही. पुरुषाचं अंग भरीव, त्याचा कचरा मुळात थोडा जास्त. म्हणून वय, बाई की पुरुष, हे धरून एक दुसरा आकडा काढतात. त्याला ईजीएफआर म्हणतात. चाळण किती वेगानं चालतेय त्याचा तो अंदाज. तो जितका जास्त तितका बरा, म्हणजे क्रिएटिनीनच्या बरोबर उलटं. माझा आला एकोणपन्नास. तुझ्या गावच्या कागदावर तो छापलेलाच नव्हता. तिनं काढला. तुझाही एकोणपन्नास. सख्खी भावंडं शोभतो.

मी म्हटलं, “शंभरात एकोणपन्नास म्हणजे पास की गं. तुझा बाप पस्तीसला पास करायचा.”

“हे मार्क नाहीत, आत्या. हा एका दिवसाचा फोटो आहे. त्या दिवशी तू पाणी कमी प्यायली असशील, अंगात ताप असेल, तरी फोटो वाईट येतो. म्हणून एकावरून कुणाला आजारी म्हणायचं नाही. तीन महिन्यांनी दुसरा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. पण साठच्या खाली आलाय, म्हणजे बघायचाच. आणि लघवीची तपासणी करायची, ती तर तुझी झालेलीच नाही.”

ती वेगळीच गोष्ट आहे म्हणे. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, सापडतं का ते बघतात. चाळण धड असेल तर ते खाली पडत नाही. भोकं मोठी झाली की पडायला लागतं, चहात पत्ती उतरते तशी. तीसच्या आत असलं तर ठीक. साखरेच्या माणसात बहुतेकदा हाच आकडा आधी वाढतो, आणि तोवर ना दुखत, ना सुजत, ना काही कळत. म्हणून कचऱ्याचा आकडा चांगला असला तरी हा वर्षातून एकदा बघायचाच. तुझा बघितलाय का कुणी? आशा म्हणाली, नाही.

आता गोळ्या. दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टर मुनिबांकडे घेऊन गेली. बाई कराचीच्या, भारदस्त, पण बोलणं लोण्यासारखं. “आपा, यह दर्द की गोली आज से बंद. घुटने के लिए मैं दूसरा इलाज देती हूँ. घबराइए मत, तीन महीने बाद फिर देखेंगे.” कारण असं की साखर, बीपी, इथली काहिली, माझं पाणी न पिणं आणि वर रोज ती गोळी, हे सगळं एकदम मूत्रपिंडाला झेपत नाही. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच ती गोळी आवळते.

वासू, तुझीही तीच गोळी. तुलाही साखर, तुलाही बीपी. आशा म्हणते, सकाळ-संध्याकाळ घेतोस. आणि मी इतके दिवस समजत होते की मी मरतेय नि तू ठणठणीत!

समिधाला म्हटलं, तू बापाला लिही. ती कप विसळत होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, “मी लिहिलेलं ते वाचत नाहीत, आत्या. तपासतात. तू लिही.”

तर मी लिहिलं. ती गोळी बंद करायचं डॉक्टरांना विचार, लगेच. आणि लघवीची तपासणी कर.

आक्का


अल कुसैस
२० ऑगस्ट २०२५

वासू,

हे पत्र दौलतबरोबर देतेय. आजऱ्याचा आहे, जबल अलीच्या गोदामात सुपरवायझर, गणपतीला गावी निघालाय. यंदा तुला खजूर नाही, पिस्त्याची मिठाई नाही. पिशवीत आशाला एक चांगली पाण्याची बाटली आहे आणि तुला हे पत्र. तोंड वाकडं करू नकोस.

आधी भांडते. जूनचं पत्र तुला मिळालं, आशानं सांगितलं. तू ते दोनदा वाचलंस, तेही सांगितलं. आणि जुलैत तुझी पुडी आली! तीच गोळी! ‘आक्का – गुडघा’! मी ती हातात घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि मला असा संताप आला की रोशन कामावरून आला तर त्याच्यावरच ओरडले. मी एवढं सगळं लिहिलं ते काय वाऱ्यावर? की समिधाचं नाव त्यात आलं म्हणून ते सगळं खोटं? तुझ्या लेकीनं सांगितलेलं ऐकायचं नाही म्हणून तू स्वतःची मूत्रपिंडं जाळणार आहेस का? तसं असेल तर स्पष्ट सांग, म्हणजे मी रडायचं ते एकदाच रडून घेते.

झालं भांडून. आता मी काय बघितलं ते सांगते.

माझी लघवीची तपासणी द्यायला गेले होते. सकाळची पहिली द्यायची असते. बाटली हातात दिसू नये म्हणून मी ती लोकरीच्या पिशवीत घातली, सुया वर काढून, जशी काही स्वेटर विणायला निघालेय. ह्या उन्हाळ्यात, दुबईत! समिधा मला बघून एवढी हसली की नर्स धावत आली. माझा आकडा चौसष्ट आला. तीसच्या वर, पण डॉक्टर मुनिबा म्हणाल्या हाही पुन्हा बघायचा, आणि बीपीची गोळी त्यांनी बदलून दिली.

मग मी तिथंच बसून राहिले, तिचं काम बघायला. फैज नावाचा एक माणूस आला, गाडीवर माल पोचवतो. उन्हानं रापलेला. रिपोर्ट त्यानं बुटात लपवून आणला होता, खरंच बुटात! त्याला वाटत होतं किडनी खराब लिहून आलं की कंपनी व्हिसा काढून घेणार. म्हणून कागद आला तेव्हापासून तो कुणालाच दाखवला नव्हता. समिधा टेबलापलीकडे बसत नाही. ती खुर्ची उचलते आणि माणसाच्या बाजूला येऊन बसते, म्हणजे दोघं मिळून कागद बघतात. त्याला म्हणाली, “भाई, पहले आप साँस लो. यह काग़ज़ आपका है, आपका और डॉक्टर का. कंपनी का नहीं.” मग त्याच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. दुपारी किती पाणी पितोस, गाडीत बाटली असते का, उलटी झाली होती का, रोजा धरतोस तेव्हा काय घेतोस. एक शब्द रागाचा नाही. आणि औषध स्वतः एकही बदललं नाही, ते डॉक्टरांचं काम म्हणून आत पाठवलं.

शेवटी तिनं जे केलं ना, त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, “अब आप मुझे समझाओ. मैं मरीज़, आप टीचर.” तो लाजला. मग बोटानं दाखवत सांगायला लागला, यह कचरा, यह छलनी, यह बढ़े तो अच्छा, यह घटे तो अच्छा. एक चुकला. तिनं चूक सांगितली नाही. “फिर से देखो,” म्हणाली. त्याचं त्यालाच सापडलं आणि असा हसला माणूस!

वासू, हे कुणाचं आहे? ढ मुलाला फळ्यापाशी उभं करून ‘आता तू सर, मी विद्यार्थी’ कोण म्हणायचं? बाकावर त्याच्याशेजारी जाऊन कोण बसायचं? गारगोटीच्या शाळेत मी डबा घेऊन यायचे तेव्हा खिडकीतून बघितलंय मी तुला. ती डॉक्टर झाली नाही रे. ती तू झालीय. आणि तुझ्यापेक्षा एका गोष्टीत वरचढ झालीय, ती कुणाला नापास करत नाही. मला त्या पोरीचा एवढा अभिमान वाटला की शेजारी बसलेल्या अनोळखी अरबी म्हातारीला मी सांगितलं, माय भाची, माय गर्ल! ती म्हणाली, माशाल्ला. तेवढं दोघींनाही कळलं.

फैज गेल्यावर मी तिला विचारलं, आता बापाचं काय? ती म्हणाली, “रोज संध्याकाळी मी आईला फोन करते. बाबांचे पाय सुजलेत का विचारते. आई म्हणते, नाही. मग मी जेवते.” असं चाललंय तिचं, जूनपासून.

ती माझ्याकडे काही मागत नाही. मी तुझ्याकडे मागते. पिशवी उलटी कर, वासू. तुझ्या कपाटातली, उशाखालची, सगळी. आणि त्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. दोन्ही तपासण्या कर, रक्ताची आणि लघवीची. मला भाऊ एकच आहे. दुसरा मिळायची आता सोय नाही.

आक्का


अल कुसैस
२१ सप्टेंबर २०२५

वासू,

दौलत परवा आला. सोफ्यावर टेकायच्या आधी म्हणाला, “आक्का, सर स्वतः एसटी स्टँडवर आले होते. पाकीट दिलं आणि म्हणाले, आक्काच्या नाही, समिधाच्या हातात द्यायचं.”

नाव घेतलंस तू. मी दौलतला दोनदा म्हणायला लावलं. तो बिचारा म्हणाला, “खरंच हो आक्का, कसम से, समिधाच म्हणाले.”

तिला फोन केला तर क्लिनिकचा कोट अंगात तसाच ठेवून आली. पाकीट मधेच फुगलेलं होतं. हातात घेऊन तिनं दाबून बघितलं, आत काहीतरी लांबट लागलं. मला वाटलं, झालं, परत गोळ्यांची पट्टी. उघडलं तर तुझं लाल पेन. ते जाडं, सोनेरी क्लिपचं, ज्याला हात लावला म्हणून तू मला, तुझ्या थोरल्या बहिणीला, एकदा जेवणावरून उठवलं होतंस. आणि दोन कागद. एक रिपोर्ट, एक तुझी चिठ्ठी.

चिठ्ठी तिनं मनात वाचली. मग मला दिली. तू लिहिलेलं तुला परत काय सांगायचं, पण सांगते, कारण मी ते चार-पाच वेळा वाचलंय. ‘समिधा, पिशवी उलटी केली. डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली. दोन्ही तपासण्या केल्या. आकडे पाहिले, मला नीट समजत नाहीत. तपासून दे.’ आणि खाली कोपऱ्यात, सवयीनं, चौकोन आखलेला. ‘१० पैकी’, आणि पुढे कोरं.

‘मला समजत नाहीत.’ वासू, हे वाक्य मी तुझ्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

ती रडली. भरपूर रडली. काव्या टिश्यूचा अख्खा डबा घेऊन तिच्याजवळ बसली आणि मला म्हणाली, “आजी, धिस टाइम आय नो इट्स नॉट कांदा.” मग समिधानं तोंड धुतलं, डायनिंग टेबलावर बसली आणि तुझ्या पेनानं तुझा पेपर तपासला.

तुझं क्रिएटिनीन एक पॉइंट पाच आलंय. ईजीएफआर त्रेपन्न. तिनं मार्चच्या शेजारी ठेवून बघितलं. थोडं सुधारलंय, पण साठच्या खालीच आहे, आणि दोन्ही फोटोंत तीन महिन्यांहून जास्त अंतर आहे, म्हणजे आता ह्याला योगायोग म्हणता येणार नाही. लघवीचा आकडा दोनशे बारा. तो वाचून तिनं पेन खाली ठेवलं होतं. मी घाबरून विचारलं, फार वाईट का गं? म्हणाली, “चांगला नाही. पण हा आकडा ओढून खाली आणता येतो, आत्या. त्यासाठी औषधं आहेत, साखर आहे, बीपी आहे, मीठ आहे. उशीर झाला असता तर मी सांगितलं असतं.” ती खोटं बोलत नाही, एवढं मला माहीत आहे. डॉक्टर मुनिबांनाही तिनं कागद दाखवला. त्या म्हणाल्या, हा आकडा एकदा परत तपासा आणि कोल्हापुरात किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका. तिथली वेळ तिनं आशाला सांगून घ्यायला लावलीय. मुकाट्यानं जायचं.

माझा दुसरा फोटोही निघाला. ईजीएफआर एकसष्ट! क्रिएटिनीन आमच्या भाषेत एक्क्याण्णव, तुमच्या भाषेत एक पॉइंट शून्य तीन. लघवीचा एकेचाळीस, म्हणजे अजून सांभाळायचं आहे. गुडघा दुखतो, पण आता व्यायामाला एक फिलिपिनो पोरगी आहे, ती माझ्याकडून पाय उचलून घेते. खलास, गावी जायचं बोलणं मी मागे घेतलंय. पाटल्या माझ्या हातातच आहेत.

तुझा तपासलेला पेपर ह्या पत्रासोबत आहे. तिनं प्रत्येक आकड्याला गोल करून समोर लिहिलंय, हा म्हणजे काय, कुठं हवा, काय करायचं. शेवटी लिहिलंय, ‘आता तुम्ही मला समजावून सांगा.’ ते तू करशीलच. पण तो कोपऱ्यातला चौकोन कोराच आहे, बघ. मी म्हटलं, “भर की गं, दहापैकी दहा दे म्हाताऱ्याला, तेवढंच बरं वाटेल.”

तिनं पेनाला टोपण घातलं. म्हणाली, “बाबा पेपर कधीच पोस्टानं परत देत नव्हते, आत्या. मुलाला समोर उभं करून द्यायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. माझा एकटीचाच पोस्टानं आला.”

मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

जेवून झाल्यावर तिनं फोनवर दिवाळीचं तिकीट काढलं. दुबई ते गोवा, तिथून गारगोटी. पेन ती परत करणार नाहीये, बरोबर घेऊन येतेय फक्त. मार्क तुझ्यासमोर बसून देईन म्हणाली. तर त्या दिवशी, वासू, दारात उभा राहा. कढीपत्त्याला पाणी आशा घालेल.

तुझी,
आक्का